विहिरीची बाजू

“पाचवी पायरी,” आबा म्हणाले. “लोखंडी खांबापासून सातवी जागा. सहावी नाही, आठवी नाही. संयूनं सातव्या जागेवर बसायचं. तू शेजारी कुठंही बस, तुझं काही नाही.”

आई त्यांच्या प्लॅस्टरमधल्या पायाखाली उशी सारत होती. तिने मान हलवली.

“मॅच संपेपर्यंत तिनं उठायचं नाही. तहान लागली तरी नाही. फुटाणे पहिल्या हाफमध्ये खायचे. दुसऱ्या हाफमध्ये खाल्ले की आपण गोल खातो.”

“बरं,” आई म्हणाली.

हे सगळं आबा अगदी गंभीरपणे सांगत होते. उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर लोखंड केसाच्या जाडीइतकं अचूक कातणारा माणूस, मोजमापाशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा. पण शनिवारी दुपारी मात्र त्याचा सगळा भरवसा पोरीच्या बुडाखालच्या दगडावर असायचा.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि वाघजाई तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाचं नशीब म्हणून कामाला होते. ही नेमणूक दोन वर्षांपूर्वीची. आई कुणाच्या तरी बारशाला गेली होती, घरी मला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून आबा नाइलाजाने मला स्टेडियमवर घेऊन गेले. ओळीने सहा मॅच हरलेली वाघजाई त्या दिवशी तीन गोलांनी जिंकली. दुसऱ्या कुठल्याही गावात याचं श्रेय तीन गोल करणाऱ्यांना मिळालं असतं. आमच्याकडे ते मला मिळालं. लोक दाराला लिंबू-मिरची टांगतात, वाघजाईने मला पाचव्या पायरीवर टांगलं. फुटबॉल मला आवडतो का, असं कुणी विचारलं नाही. लिंबाला कुणी विचारतं का?

माझ्याआधी हा प्रयोग रणजितदादावर झाला होता. त्या दिवशी वाघजाईने चार गोल खाल्ले, आणि हाफ टाइमला दादाने शेजारच्या माणसाला भारताचा क्रिकेटचा स्कोअर विचारला. आबांनी त्याला पुन्हा कधी नेलं नाही. क्रिकेट बघणारा मुलगा घरात निपजला, हे दुःख ते फार जवळच्या माणसांनाच सांगायचे.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे फुटबॉल पेठांतल्या तालमींचा असतो. पूर्वी तिथे पैलवान घुमायचे. पुढे पोरांनी त्याच तालमींच्या नावाने चेंडू लाथाडायला सुरुवात केली, आणि भावकीतली भांडणं कमी पडत असल्यासारखं सगळं गाव त्या कामाला लागलं. माणूस ज्या पेठेत जन्मला त्या तालमीचा होतो. हे बदलता येत नाही. धर्म बदलता येतो असं ऐकलंय.

आबा वाघजाईचे आणि आई रणभेरी तालमीच्या पेठेतली. या दोन तालमींतून विस्तव जात नव्हता. तरी हे लग्न झालं, कारण ते ठरलं जूनमध्ये, फुटबॉलचा हंगाम संपल्यावर. त्या दिवसांत माणसं थोडी शुद्धीवर असतात. लग्नाच्या संध्याकाळी आबांनी नव्या नवरीला एकच गोष्ट सांगितली म्हणे: या घरात रणभेरीचं नाव निघणार नाही. आई ‘बरं’ म्हणाली, आणि सतरा वर्षं तिने ते पाळलं. तिचा धाकटा भाऊ रणभेरीचा गोली होता, म्हणजे गोलकीपर. गावात त्याला शिवा म्हणायचे, वर्तमानपत्रात शिवाजीराव, आणि फक्त घरात बापू. हा बापूमामा दर भाऊबीजेला ओवाळून घ्यायला आमच्याकडे यायचा. तो आणि आबा समोरासमोर बसून तासभर गुळाच्या भावावर बोलायचे. दोघांनाही गुळातलं काही कळत नव्हतं.

आईला फुटबॉलमधलं काही कळत नाही हे तर आमच्या घरात गृहीतच होतं. मॅचचा विषय निघाला की ती परातीतल्या पिठाकडे बघायची.

आणि आता फायनलला वाघजाईसमोर रणभेरी होती, आणि आबांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. सेमीफायनल जिंकल्यावर त्यांनी पाचव्या पायरीवरून थेट खाली उडी मारली होती. डॉक्टरांना त्यांनी कारखान्यात लोखंड पडलं असं सांगितलं. डॉक्टर रणभेरीच्या पेठेतले होते. ते म्हणाले, लोखंड फारच आनंदात पडलेलं दिसतंय.

प्रश्न असा होता की मला स्टेडियमवर नेणार कोण. तालमीची पोरं हलगीपुढे नाचणार, त्यांच्यात पोरीला सोडता येत नव्हतं. आबांचे जिवलग रंगराव हे संघाचे मॅनेजर, ते मैदानाच्या कडेला असणार. दादाची सोमवारपासून दहावीची परीक्षा होती, आणि नसती तरी त्याला कुणी नेलं नसतं. उरली आई.

देवळात जायची साडी नेसून ती तयार झाली. आम्ही उंबऱ्यापाशी पोचलो तेव्हा आबांनी खाटेवरून शेवटची सूचना दिली.

“समोर तुझा भाऊ असंल. पण तू वाघजाईची सून म्हणून बसणार आहेस, एवढं ध्यानात ठेव.”

“बरं,” आई म्हणाली.

स्टेडियमवर बायका मोजून पाच-सहा होत्या. ‘दिनूची मालकीण आलीय’, म्हणजे आबांची बायको, असं म्हणत आमच्या पायरीवरच्या माणसांनी सरकून जागा केली. मी खांबापासून जागा मोजल्या, सातव्या जागेवर बसले आणि आईला फुटबॉल समजावून द्यायला सुरुवात केली. पिवळे ते आपले, निळे ते त्यांचे. आपला गोल झाला की ओरडायचं. त्यांचा झाला की रेफ्रीला शिव्या द्यायच्या, पण त्या माणसं देतात, आपण नुसतं वाईट तोंड करायचं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. खरं तर मला येत होतं ते एवढंच. दोन वर्षांत मी चेंडूमागे मान फिरवायला शिकले होते आणि इतर ओरडले की ओरडायला.

मॅच सुरू झाली. बापूमामा आमच्यापासून लांबच्या गोलात होता, तिथून अंगठ्याएवढा दिसत होता. आईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलं नाही. पदर डोक्यावरून घेऊन ती हात मांडीवर ठेवून बसली होती, कीर्तनाला बसतात तशी.

थोड्या वेळाने ती पुटपुटली, “आता पलीकडं देईल.”

ज्याच्याकडे चेंडू होता त्याने तो पलीकडे दिला.

मी दुर्लक्ष केलं. परत काही वेळाने ती म्हणाली, “हा फसला,” आणि आमचा एक पिवळा दोन निळ्यांच्या मधे सापडला. असं आणखी तीनदा झालं तेव्हा मी तिला विचारलं की तुला आधीच कसं कळतंय. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची चोरी पकडली होती. मग आजूबाजूला नजर टाकून ती हळू आवाजात म्हणाली,

“तू चेंडूकडं बघत बसतीयस. चेंडू कुठं पळून जातोय? ज्याच्याकडं चेंडू नाही त्याच्याकडं बघ.”

मी बघितलं. सुरुवातीला काही दिसलं नाही, नुसती इकडून तिकडे पळणारी माणसं. मग आई दाखवायला लागली, बोट न उचलता, नुसत्या डोळ्यांनी. तो बघ, कडेला उभा आहे तो, पेंगतोय असं दाखवतोय. बघ, आता निघाला. त्याच्यामागं तो गेला. म्हणजे मधली जागा मोकळी झाली. आणि त्या मोकळ्या जागेत, कुणी बोलावल्यासारखा, चेंडू आला.

अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं मी ज्या मैदानावर नुसता एक चेंडू पाहत होते, तिथे बावीस माणसं एकमेकांशी न बोलता बोलत होती. आणि हे मला, स्टेडियमभर एवढे जाणकार असताना, सतरा वर्षं परातीतल्या पिठाकडे बघणारी बाई सांगत होती.

हाफ टाइमला मी तिला विचारलं की तुला हे कुणी शिकवलं. ती म्हणाली, “फुटाणे खा.” मी म्हणाले, ते पहिल्या हाफमध्ये खायचे होते, मी विसरले. तिने पुडी दुमडून कमरेला खोचली.

दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या आणि बापूमामा आमच्या जवळच्या गोलात आला. मला त्याच्या कोपराला बांधलेल्या पट्ट्या दिसत होत्या. त्यानेही आम्हाला पाहिलं असावं, कारण तो एकदा आमच्या पायऱ्यांकडे बघून क्षणभर थबकला. बहीण वाघजाईच्या लोकांत बसलीय, हे त्याला स्वप्नातही वाटलं नसणार. आई खाली पायरीकडे बघायला लागली.

शेवटची दहा मिनिटं राहिली होती आणि एकही गोल झाला नव्हता. तेव्हा आमच्या एका पोराला निळ्यांनी गोलच्या तोंडाशी पाडलं आणि रेफ्रीने पेनल्टी दिली. आमच्या पायऱ्यांवर जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. जिंकण्याआधीच गुलाल उडाला. पेनल्टी मारणार होता विलास. सहा वर्षांत त्याची एकही पेनल्टी वाया गेली नव्हती आणि हे त्याला माहीत असल्यासारखा तो चालायचा.

विलासने चेंडू ठेवला. पाठ न फिरवता, गोलीच्या डोळ्यांत बघत तो मागे मागे गेला आणि थांबला. हलगी बंद झाली. एवढ्या माणसांची एवढी शांतता मी नंतर कधी ऐकली नाही. मी आईकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेतेय असं मला वाटलं. कुठल्या पेठेतल्या देवाचं, एवढाच प्रश्न होता.

मग ती उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर घसरला. आणि जेवायला बोलावतानाही कधी ज्या बाईचा आवाज चढला नव्हता, ती अख्ख्या स्टेडियमला ऐकू जाईल अशी ओरडली,

“बापू, विहीर!”

विलास तोवर धावत सुटला होता. मामाने क्षणाचाही विचार केला नाही. त्याने स्वतःला डावीकडे झोकून दिलं, अगदी आडवं, आणि चेंडू येऊन त्याच्या तळव्यांवर आपटला आणि बाहेर गेला.

समोरच्या पायऱ्यांवरून आवाजाची भिंत उठली. आमच्याकडे मात्र कुणी मैदानाकडे पाहत नव्हतं. पाचव्या पायरीच्या वरची आणि खालची सगळी माणसं मान वळवून आमच्या बाजूला कोण ओरडलं ते शोधत होती. आई केव्हाच खाली बसली होती. तिने पदर डोक्यावर घेतला, कमरेची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. मला काय करावं सुचेना, म्हणून मी फुटाणे खाल्ले.

सात मिनिटांनी रणभेरीने गोल केला. त्यात माझ्या फुटाण्यांचा वाटा किती, हे आजही सांगता येणार नाही.

आम्ही घरी निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. रणभेरीच्या पेठेकडून फटाक्यांचा आवाज येत होता. म्हणजे आबांना निकाल कळला होता. त्या दिवसांत गावाला निकाल असाच कळायचा, फटाके कुठल्या दिशेला वाजले त्यावरून. मी आईला दोनदा विचारलं की विहीर म्हणजे काय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

“तोंडातनं निघून गेलं,” ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही. मग म्हणाली, “आबांना मी सांगते. तू मधे पडू नकोस.”

पण तिला सांगायला मिळालं नाही. आबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते, म्हणजे झोपल्याचं दाखवत होते, आणि आईने साडी बदलून चहाचं आधण ठेवेपर्यंत दारात रंगराव उभे होते. बरोबर तालमीतली आणखी दोन माणसं. आबांची तब्येत बघायला आलो म्हणाले. तब्येत ते आदल्या दिवशीच बघून गेले होते.

आबा उठून बसले. पहिली पाच मिनिटं रेफ्रीवर गेली. मग रंगरावांनी घसा साफ केला.

“दिनू, एक गोष्ट विचारायची होती. पेनल्टीच्या टायमाला आपल्या पायऱ्यांवरनं एक बाई ओरडली. पोरं म्हणतात पाचव्या पायरीवरनं.”

“मग?” आबा म्हणाले.

“‘बापू, विहीर’ असं ओरडली. आणि शिवा पडला तो बरोबर चेंडूवर. आता हा बापू कोण आणि विहीर कुठली, काही उमगंना. पण पोरं तापलीत. विलास तर म्हणतोय, आपल्यातच कुणीतरी फुटलंय.”

‘बापू’ ऐकताच आबांचा चेहरा बदलला, ते मी पाहिलं. रंगरावांनी पाहिलं नाही. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. आतला कपबशांचा आवाज थांबला होता.

मला आईने मधे पडू नकोस असं सांगितलं होतं. पण रंगरावांबरोबरच्या दोघांपैकी एकाच्या कपाळावर अजून गुलाल होता आणि त्याचे डोळे लाल होते, आणि मला वाटलं की आता आईला काहीतरी होणार. काय, ते माहीत नव्हतं.

“मी ओरडलो,” मी म्हणाले. आमच्याकडे मुली स्वतःविषयी असंच बोलतात, आलो, गेलो, खाल्लं. पुण्याला शिकायला गेल्यावर मला त्यासाठी बरीच बोलणी खावी लागली.

“तू?” रंगराव म्हणाले. “तू तर आमचं नशीब. तू कशाला ओरडशील? आणि विहीर म्हणजे काय गं?”

हे मी ठरवलं नव्हतं. मी म्हणाले, “आमच्या शाळेतला खेळ आहे.”

“आणि बापू?”

“तो पण शाळेतलाच आहे.”

आबा माझ्याकडे बघत होते. त्यांना बापू कोण ते माहीत होतं, मला ते माहीत आहे हे माहीत होतं, आणि अकरा वर्षांच्या पोरीला तीन पुरुषांसमोर एवढं खोटं का बोलावं लागतंय याचा ते विचार करत असावेत. तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने तो स्टुलावर ठेवला, चारही कप सरळ केले आणि म्हणाली,

“ती नाही. मी ओरडले. बापू म्हणजे माझा भाऊ, शिवा. विहीर म्हणजे त्याची डावी बाजू. माझ्या माहेरी घरामागं मोकळी जागा होती, तिथं एकीकडं विहिरीचा कठडा होता आणि एकीकडं कडुलिंब. तोच आमचा गोल. मी मारायचे आणि तो अडवायचा. लग्न होईस्तोवर.”

कुणी चहाला हात लावला नाही. रंगराव आबांकडे बघायला लागले. सगळेच बघायला लागले. आता नवऱ्याने काहीतरी म्हणावं, अशी ती वेळ होती, आणि ते काहीतरी काय असावं याबद्दल खोलीत फारसं दुमत नव्हतं. तालमीच्या कमिटीवर त्यांचं नाव होतं. ज्या घरात रणभेरीचं नाव काढायला बंदी होती, तिथून रणभेरीने फायनल नेली होती.

“रंगा,” आबा म्हणाले, “चहा घे. निवतोय.”

“दिनू, अरे पण वहिनींनी...”

“पेनल्टी कुणी मारली?”

“विलासनं.”

“मग विलासच्या घरी जाऊन विचार. माझ्या घरी चहा प्या आणि जावा.”

ते चहा प्यायले आणि गेले. रंगराव पुढचे चार महिने आमच्या घरी आले नाहीत. आबांचं कमिटीवरचं नाव त्या वर्षी निघालं, ते पुन्हा लागलं नाही. याबद्दल आबा कधी एक शब्द बोलले नाहीत. घरात तरी नाही.

माणसं गेल्यावर आई कप उचलायला लागली. आता खरं बोलणं सुरू होईल असं मला वाटलं. मी दादाच्या पुस्तकांमागे जाऊन बसले. आबा आपल्या प्लॅस्टरकडे बघत होते.

“एक सांग,” ते शेवटी म्हणाले. “तो डावीकडं मारणार, हे तुला कसं कळलं?”

रागाचा लवलेशही नव्हता त्या प्रश्नात. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. सहा वर्षं ते विलासला पाहत होते आणि त्यांना कळलं नव्हतं.

“तुम्हीच दाखवता की,” आई म्हणाली.

“मी?”

“दर मॅचनंतर. मोज्यांचा गोळा घेऊन. मी भाकऱ्या करत असते तेव्हा माझ्या पाठीमागं.”

हे अक्षरशः खरं होतं. मॅच बघून आले की आबा स्वयंपाकघरात ती पुन्हा खेळायचे, बावीसही माणसं एकटेच व्हायचे. विलासची पेनल्टी तर तिथे इतक्या वेळा मारली गेली होती की फरशीला माहीत झाली असेल.

आई पुढे म्हणाली, “विलास कधी चार पावलं मागं जातो, कधी पाच. तुम्ही त्याची हुबेहूब नक्कल करता. चार गेलात तर काही नाही. पाच गेलात की पिठाच्या डब्याला धडकता. आणि डब्याला धडकलात की मोजे दर वेळी देव्हाऱ्याच्या बाजूला जातात, म्हणजे गोलीच्या डावीकडं. सहा वर्षांत एकदाही चुकलं नाही. आज मी मोजली. पाच होती.”

वाघजाईचं एवढं मोठं गुपित रणभेरीला कुणी फोडलं, ते आता त्यांना कळलं होतं. मला वाटलं ते ओरडतील. पण त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मी पुस्तकांमागून पाहिलं तर ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. आई हसली नाही. ती कप घेऊन तशीच उभी होती.

“सतरा वर्षं,” आबा म्हणाले. “बोलली का नाहीस?”

“नाव काढायचं नाही म्हणालात.”

“नाव रणभेरीचं. फुटबॉलचं नाही.”

“मला ते वेगळं करता येत नव्हतं,” आई म्हणाली.

मग आबांनी विचारलं, “आणि चारच पावलं गेला असता तर? उजवीकडं मारला असता तर?”

आईने विचार न करता उत्तर दिलं. त्या दिवशी तिची जीभ दुसऱ्यांदा सुटली.

“तर गोल झाला असता. ती बाजू बापूला जमत नाही. कडुलिंबाकडं दगड होते. तिकडं पडला की कोपर फुटायचं, म्हणून तिकडं तो आधी अंग चोरतो आणि मग पडतो. अजून. क्षणभरच, पण चोरतो.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, ती काय बोलली. गावातला सगळ्यात चांगला गोली, आणि त्याला हरवायचा रस्ता तिने वाघजाईच्या माणसाला घरबसल्या दिला होता.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पायाखालची उशी जरा सरकवून मागितली.

पुढच्या हंगामापासून आम्ही तिघं जायला लागलो. माझी नशिबाची नोकरी अर्थातच गेली होती. एवढ्या मोठ्या हारीनंतर मला कुठल्याही पायरीवर बसायची मोकळीक होती, आणि मी कुठेही बसून चेंडू नसलेल्या माणसांकडे बघत राहायचे. पुढच्या सहा वर्षांत वाघजाई रणभेरीकडून आणखी चार वेळा हरली. चारही वेळा गोलात मामा होता. चारही वेळा आबा घरी येऊन दोन दोन दिवस धड जेवले नाहीत. एकदा तर पेनल्टी होती आणि रंगरावांनी कडेला येऊन, सगळं विसरून, त्यांना विचारलं होतं, “दिनू, तुझा मेव्हणा आहे, कुठं मारायचा सांग.” आबा म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही.

मामाची शेवटची मॅच आली तेव्हा मी कॉलेजात होते. समोर वाघजाईच होती. विलासचा खेळ कधीच सुटला होता. नवा एक पोरगा होता, किडकिडीत, पहिल्याच वर्षीचा. मॅच बरोबरीत असताना पेनल्टी मिळाली आणि ती त्या पोराने घेतली. त्याने काही पावलं मोजली नाहीत, गोलीच्या डोळ्यांत बघितलं नाही, नुसता धावत आला आणि घाबरून मारला. चेंडू मामाच्या उजवीकडे गेला. मामाने अंग चोरलं, मग पडला. चेंडू जाळीत होता.

आमच्या पायऱ्यांवर सगळी माणसं उठली. गुलाल आमच्या डोक्यावर पडला. कित्येक वर्षं आबा ज्या गोलाची वाट बघत होते तो झाला होता, आणि ते एकटेच बसून होते. त्यांनी मैदानाकडे पाहिलंही नाही. आईचा हात पकडून, गलक्यात तिला ऐकू जावं म्हणून तिच्या कानाशी वाकून, ते म्हणाले,

“आईची शपथ, मी नाही सांगितलं.”